एकाच माणसासाठी ‘दे’ (they) : इंग्रजी लिहिताना कसं वापरायचं

समोरचा पुरुष की बाई हे माहीत नसेल तर इंग्रजीत ‘ही’ (he) लिहायचं, असं आमच्या पिढीला शाळेत शिकवलं. ‘एव्हरी स्टुडंट मस्ट ब्रिंग हिज बुक.’ वर्गात निम्म्या मुली बसलेल्या आणि फळ्यावर ‘हिज’. मी सांगलीत, विश्रामबागेत इंग्रजी लेखनाचे वर्ग घेते. येणाऱ्या प्रत्येकाला सुरुवातीलाच सांगते की ही सवय मोडायची. ज्याच्याबद्दल ठाऊक नाही त्याला आपण होऊन पुरुष ठरवायचं नाही. त्यासाठी इंग्रजीत ‘दे’ आहे. तो एका माणसालाही चालतो, शेकडो वर्षं चालत आलाय, आणि मराठी माणसाला तो शिकायला अवघड नाही. अडतं ते मोजक्या ठिकाणी. तीच ठिकाणं नीट बघू.

माझ्याकडे येणाऱ्यांत मिरजेच्या दवाखान्यांत काम करणाऱ्या आणि परदेशी जायची तयारी करणाऱ्या नर्सेस असतात, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं असतात, आणि मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढ्यांवर परदेशी गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहार सांभाळणारी माणसं असतात. ‘दे’ सगळ्यांनाच लागतो, पण प्रत्येकाला वेगळ्या कारणानं.

नावावरून ओळखू नका

पेढीवरच्या एका मुलानं मला त्याची मेल दाखवली. परदेशातल्या गिऱ्हाइकानं हळदीतल्या कर्क्युमिनचं प्रमाण आणि ओलावा किती आहे ते विचारलं होतं. मेलखाली नाव होतं रॉबिन. मुलानं मालकांना कळवताना लिहिलं होतं :

‘रॉबिन हॅज सेंट अ मेल. ही वॉन्ट्स द कर्क्युमिन रिपोर्ट. ही विल कन्फर्म आफ्टर हिज लॅब चेक्स द सॅम्पल.’

मी विचारलं, रॉबिन पुरुष आहे हे कशावरून? त्याच्याकडे उत्तर नव्हतं, कारण कुठंच तसं लिहिलेलं नव्हतं. रॉबिन, सॅम, अ‍ॅलेक्स, ख्रिस, जॉर्डन, टेलर, किम ही नावं बायकांचीही असतात आणि पुरुषांचीही. आणि हे आपल्याला नवीन असायचं कारण नाही. आपल्या सांगली-कोल्हापूरकडं जैन घरांत शीतल हे मुलाचं नाव असतं. शीतलनाथ तीर्थंकरांवरून ठेवतात. पुण्याच्या कंपनीत मात्र शीतल म्हटलं की बाई समजतात, आणि आपल्या शीतलला ‘मिस’ म्हणून पत्र येतं. किरणचं तेच. आणि ‘एस. आर. पाटील’ एवढीच सही असेल तर सगळंच झाकलेलं. ज्याच्या नावाबाबत असं घडलंय त्याला विचारा, प्रत्येक वेळी खुलासा करत बसणं किती जिवावर येतं ते.

त्या मुलाची मेल आम्ही अशी केली :

‘रॉबिन हॅज सेंट अ मेल. दे वॉन्ट द कर्क्युमिन रिपोर्ट. दे विल कन्फर्म आफ्टर देअर लॅब चेक्स द सॅम्पल.’

नुसतं ‘ही’ खोडून ‘दे’ लिहिलं एवढंच झालं नाही. ‘वॉन्ट्स’चं ‘वॉन्ट’ झालं. सगळ्यात जास्त चुका इथंच होतात, म्हणून यावर जरा थांबू.

क्रियापदाचं काय

नियम एकच. नाव असेल तर क्रियापद एकवचनी, ‘दे’ असेल तर अनेकवचनी, मग माणूस एकटा का असेना.

‘रॉबिन इज ऑन लीव्ह टुडे. दे आर बॅक ऑन मंडे.’
‘रॉबिन वॉज हॅपी विथ द सॅम्पल. दे वेअर नॉट हॅपी विथ द पॅकिंग.’
‘रॉबिन डझंट नीड द ओल्ड रिपोर्ट. दे डोंट नीड द बिल आयदर.’

‘दे इज’ कधीच लिहायचं नाही. पुष्कळ जण म्हणतात, एकच माणूस आहे ना, मग ‘इज’ का नको? त्यांना मी ‘यू’ दाखवते. समोर एकटाच बसलेला असला तरी आपण ‘यू आर’ म्हणतो. ‘यू इज’ कोणी म्हणत नाही. ‘यू’ मुळात अनेकवचनीच होता. एकासाठी ‘दाऊ’ होता, तो वापरातून गेला आणि ‘यू’नं दोन्ही कामं उचलली, क्रियापद मात्र अनेकवचनीच राहिलं. ‘दे’चंही तसंच आहे.

रूपं पाठ करायला फार नाहीत. कर्त्याच्या जागी ‘दे’, कर्माच्या जागी ‘देम’, मालकीला ‘देअर’ आणि ‘देअर्स’. ‘आय कॉल्ड देम यस्टर्डे.’ ‘धिस इज देअर सिग्नेचर.’ ‘द सीट इज देअर्स.’ स्वतः या अर्थी दोन रूपं आहेत, ‘देमसेल्व्ज’ आणि ‘देमसेल्फ’. एका माणसासाठी ‘देमसेल्फ’ आता बरेच जण लिहितात आणि कोशांतही ते आहे. परीक्षेत किंवा कचेरीच्या पत्रात तपासणारा कसा असेल याचा भरवसा नसेल तर ‘देमसेल्व्ज’ बिनधोक.

‘इट’ मोठ्या माणसासाठी कधीही वापरू नका. मराठीत आपण ‘पोरगं आलं, जेवलं, झोपलं’ असं मायेनं म्हणतो. इंग्रजीत मोठ्या माणसाला ‘इट’ म्हटलं की त्याला वस्तू केल्यासारखं होतं आणि ते फार लागतं.

आपला कान तयार आहे, पण एक अडचण आहे

‘साहेब आले. त्यांनी सही केली. त्यांना चहा दिला. त्यांची गाडी बाहेर उभी आहे.’ एका माणसाला अनेकवचन आपण दिवसभर लावतो. आणि ‘त्यांनी, त्यांना, त्यांची’ यावरून साहेब पुरुष होते की बाई हे कळतही नाही. ‘मॅडमनी सही केली, त्यांना चहा दिला’ यातही तीच रूपं. म्हणून एकाला ‘दे’ म्हणायचं म्हटल्यावर मराठी माणूस बिचकायचं कारण नाही. माझ्या वर्गात तरी हे सांगितल्यावर खांदे सैल होतात.

पण यातूनच एक चूक उगवते आणि ती आपल्या भागात फार दिसते. मुलं लिहितात : ‘माय फादर इज अ रिटायर्ड टीचर. दे लिव्ह इन तासगाव.’ वडिलांना एकेरी कसं म्हणायचं, म्हणून ‘दे’. भावना चांगली आहे, पण इंग्रजी वाचणारा गोंधळतो. तासगावला कोण कोण राहतं, आईवडील दोघं की आणखी कोणी? इंग्रजीतल्या ‘दे’त आदर नाही, जसा ‘ही’त अनादर नाही. तिथं पंतप्रधानही ‘ही’ किंवा ‘शी’ आणि शेजारचं शाळकरी पोरही ‘ही’ किंवा ‘शी’. वडिलांबद्दल, सरांबद्दल, आजीबद्दल लिहिताना बिनदिक्कत ‘ही’ आणि ‘शी’ लिहा. आदर दाखवायचा तर वाक्याच्या मजकुरातून दाखवा. मुलाखतीत घरच्यांबद्दल सांगताना हे जास्त सांभाळा, कारण बोलताना तोंडात मराठीच असते.

म्हणजे ‘दे’ वापरायचा तो दोनच ठिकाणी. एक, जिथं माणूस कोण ते ठाऊक नाही किंवा कोणीही असू शकतो. दोन, जिथं त्या माणसानंच सांगितलंय की मला ‘दे’ म्हणा.

कोणीही, प्रत्येक, एखादा

हे सोपं आहे. ‘समबडी, एनीवन, एव्हरीवन, नोबडी, ईच अ‍ॅप्लिकंट, अ पॅसेंजर’ अशा शब्दांमागं ‘दे’ आणि ‘देअर’ येऊ द्या. ‘समबडी लेफ्ट देअर हेल्मेट हिअर. दे विल कम बॅक फॉर इट.’ इंग्रज माणूसही रोजच्या बोलण्यात हेच म्हणतो. ‘एव्हरीवन’बरोबर मात्र क्रियापद एकवचनीच राहतं : ‘एव्हरीवन हॅज पेड देअर फी.’

‘ही ऑर शी’ किंवा मध्ये तिरपी रेघ मारून ‘ही-शी’ लिहिणं मला पटत नाही. एखाद्या वाक्यात खपून जातं. पण औषधाच्या सूचना अशा लिहून बघा : ‘द पेशंट शुड टेक हिज ऑर हर टॅबलेट विथ हिज ऑर हर मील अनलेस ही ऑर शी हॅज बीन टोल्ड अदरवाइज बाय हिज ऑर हर डॉक्टर.’ मोठ्यानं वाचा, जीभ अडखळते. रुग्णाला कामाची गोष्ट सापडतच नाही. शिवाय जे स्वतःला पुरुषही मानत नाहीत आणि बाईही मानत नाहीत, त्यांना यात जागाच नाही.

कधी कधी सर्वनामच नको

‘दे’ आला म्हणून प्रत्येक वाक्यात तो कोंबायचा नसतो. आमच्या सोसायटीत इंग्रजीतली पाटी होती : ‘एव्हरी रेसिडेंट मस्ट पार्क हिज व्हेइकल इन हिज ओन स्लॉट.’ हीच सूचना किती तऱ्हेनं लिहिता येते ते मी वर्गात करून घेते.

सगळं अनेकवचनात न्या : ‘रेसिडेंट्स मस्ट पार्क देअर व्हेइकल्स इन देअर ओन स्लॉट्स.’ थेट वाचणाऱ्याशी बोला : ‘पार्क युअर व्हेइकल इन युअर ओन स्लॉट.’ किंवा सर्वनाम काढूनच टाका : ‘पार्क ओन्ली इन द स्लॉट अलॉटेड.’ पाटीसाठी मला ही तिसरी तऱ्हा आवडते. छोटी आहे, कोणाला वगळत नाही, आणि गाडी लावता लावता वाचून होते. फॉर्मवरच्या सूचनांना थेट ‘यू’ चांगला. नियमावलीला अनेकवचन चांगलं. ‘दे’ ठेवावा तो एकाच माणसाची गोष्ट चालू असताना, जिथं अनेकवचनात नेलं की अर्थ बिघडतो.

नर्सचं पत्र

सगळ्यात काळजीनं वापरायची जागा म्हणजे दवाखान्यातली. परदेशी जाणाऱ्या पुष्कळ नर्सेस ओईटी नावाची इंग्रजीची परीक्षा देतात. तिच्या लेखनाच्या भागात रुग्णाची टिपणं देतात आणि त्यावरून बहुधा दुसऱ्या डॉक्टरला किंवा नर्सला पत्र लिहायचं असतं. टिपणांत ‘मिस्टर’ किंवा ‘मिसेस’ दिलेलं असेल तर प्रश्नच नाही, ‘ही’ किंवा ‘शी’ लिहा. माहीत असताना ‘दे’ लिहिलं तर वाचणाऱ्याला उगाच वाटतं की काहीतरी सांगायचं राहिलंय.

पण सरावासाठी आम्ही कधी कधी नुसतं ‘द पेशंट’ असलेली टिपणं घेतो. त्यावर एका नर्सनं लिहिलेलं वाक्य बघा :

‘द पेशंट केम विथ देअर ब्रदर. दे सेड दे हॅड स्टॉप्ड टेकिंग इन्सुलिन.’

व्याकरणात खोट नाही. पण इन्सुलिन कोणी थांबवलं? रुग्णानं? भावानं? की दोघंही मधुमेही आहेत आणि दोघांनीही? आणि हे सांगितलं कोणी? रात्रपाळीला आलेला डॉक्टर हे वाक्य घाईत वाचणार आणि त्यावर डोस ठरवणार. ‘दे’ एकाचा आणि अनेकांचा, दोन्हींचा असल्यामुळं जवळपास दुसरा माणूस आला की हा धोका येतोच. उपाय साधा आहे, नाम पुन्हा लिहा :

‘द पेशंट केम विथ देअर ब्रदर. अकॉर्डिंग टू द ब्रदर, द पेशंट हॅड स्टॉप्ड टेकिंग इन्सुलिन.’

पहिल्या वाक्यात ‘देअर’ राहू दिला, कारण तिथं दुसरा अर्थ निघत नाही. दुसऱ्या वाक्यात एकही सर्वनाम नाही. नाम दोनदा आलं तर भाषा बोजड होते असं आपल्याला शिकवलेलं असतं, पण दवाखान्याच्या कागदावर बोजड चालेल, संदिग्ध चालणार नाही. पोलिसात द्यायची तक्रार, अपघाताच्या विम्याचा अर्ज, बँकेला लिहिलेलं पत्र, यांनाही हेच लागू. ‘दे’ लिहिलात की बोट ठेवून विचारा : हा कोणाचा? दोन उत्तरं संभवत असतील तर नाव किंवा नाम परत लिहा.

जे स्वतः ‘दे’ म्हणवतात

आता दुसरी जागा, आणि माझ्या दृष्टीनं जास्त महत्त्वाची.

मराठीत माणूस स्वतःबद्दल बोलला की बहुतेक वेळा कळतं. ‘मी आलो’ की ‘मी आले’, क्रियापदच सांगतं. सौंदत्तीच्या यल्लम्माचे जोगते, म्हणजे देवीला सोडलेले आणि पुष्कळदा बायकांच्या वेशात राहणारे लोक, आपल्या भागात सगळ्यांनी पाहिलेले आहेत. त्यांच्यातलं कोणी ‘मी आले’ म्हणत असेल तर ऐकणाऱ्यानं ‘तू आलीस’ म्हणावं, वेगळं विचारायची गरज पडत नाही. इंग्रजीत ‘आय केम’ यातून काहीच कळत नाही. म्हणून तिथं विचारावं लागतं किंवा सांगावं लागतं. परदेशी कंपन्यांच्या मेलखाली नावापुढं ‘शी-हर’, ‘ही-हिम’, ‘दे-देम’ असं लिहिलेलं असतं ते याचसाठी. माझ्याबद्दल लिहिताना हा शब्द वापरा, एवढाच त्याचा अर्थ. मेल लिहिण्याआधी खालची सही वाचायची सवय लावा.

विचारायची वेळ आलीच तर साधं विचारा : ‘व्हॉट प्रोनाउन्स डू यू यूज?’ चारचौघांत नको, एकट्यात. कारण विचारू नका. शरीराबद्दल, उपचारांबद्दल तर मुळीच नाही.

माझ्या वर्गात एक पोरगं होतं. त्याच्या परवानगीनं सांगते आहे. इलेक्ट्रॉनिक्सचं, हाताला कसब असलेलं. परदेशी विद्यापीठासाठी शिफारसपत्र मागायला आलं आणि दार लोटून घेऊन म्हणालं, ‘मॅडम, पत्रात माझ्यासाठी दे-देम लिहाल का?’ मी हो म्हटलं आणि पुढचा प्रश्न विचारला, जो प्रत्येकानं विचारायला हवा : हे पत्र कोण कोण वाचणार? तेव्हा कळलं की पत्रं दोन हवी होती. एक थेट विद्यापीठाला. दुसरं एका ट्रस्टच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाबरोबर, आणि तो अर्ज वडील भरणार होते. घरी यातलं काही सांगितलेलं नव्हतं. एखादा माणूस कॉलेजात ‘दे’ म्हणवत असेल आणि घरी नसेल, तर आपल्या हातून ते घरी फुटता कामा नये. त्या पोराच्या डोक्यावरचं छप्पर त्यावर अवलंबून असू शकतं.

विद्यापीठाच्या पत्रात लिहिलं : ‘दे डिझाइन्ड द सर्किट देमसेल्फ अँड टेस्टेड इट इन अ शुगरकेन फील्ड.’ उसाच्या ठिबकसाठी जमिनीतला ओलावा मोजणारं यंत्र होतं ते. ट्रस्टच्या पत्रात तीच गोष्ट अशी : ‘द सर्किट वॉज डिझाइन्ड एंटायरली बाय द कँडिडेट अँड टेस्टेड इन अ शुगरकेन फील्ड.’ त्या अख्ख्या पत्रात एकही ‘ही’ नाही, ‘शी’ नाही, ‘दे’ही नाही. कुठं ‘द कँडिडेट’, कुठं नाव, कुठं कर्मणी प्रयोग. खोटं काही लिहिलं नाही आणि नको ते उघडंही पडलं नाही. हे कसब आधी सांगितलेल्या पाटीच्या सरावातूनच येतं.

एका पत्रात एकदा ‘दे’ धरला की शेवटपर्यंत धरा. पहिल्या परिच्छेदात ‘दे’ आणि तिसऱ्यात ‘हिज’ आला तर वाचणाऱ्याला दोन माणसं वाटतात, आणि ज्याचं पत्र आहे त्याला वाटतं की तुम्ही मनापासून मानलंच नाही. बोलताना चुकून ‘ही’ निघालाच, तर ‘सॉरी, दे’ म्हणा आणि वाक्य पुरं करा. पाच मिनिटं माफी मागत बसलात तर उलट त्याच माणसाला तुमची समजूत घालावी लागते.

आणि एक गैरसमज काढून टाका. ट्रान्सजेंडर म्हणजे ‘दे’, असं नाही. पुष्कळ ट्रान्स बायका ‘शी’ म्हणवतात आणि ट्रान्स पुरुष ‘ही’. जी बाई आयुष्यभर झगडून ‘शी’ मिळवते तिला आपण मोठेपणानं ‘दे’ म्हणणं म्हणजे ते काढून घेणं. आपलं लिंग कोणतं हे ठरवायचा हक्क ज्याचा त्याचा आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात 15 एप्रिल 2014 रोजी मान्य केलं. 2019 मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्कसंरक्षण कायदा झाला तेव्हा त्यातही स्वतःला जाणवणाऱ्या ओळखीचा हक्क दिला होता. त्यामुळं त्या माणसानं जे सांगितलं तेच लिहायचं, आपला अंदाज नाही. ‘झी’सारखी नवी सर्वनामं वापरणारेही थोडे आहेत. कोणी तसं सांगितलं तर त्याची रूपं त्यांच्याकडूनच लिहून घ्या आणि वापरा.

‘हे चुकीचं इंग्रजी आहे’ असं कोणी म्हणालं तर

म्हणतातच. जुने शिक्षक, बँकेतले वरिष्ठ, कधी परीक्षक. त्यांच्याशी वाद घालायचा तर माहिती हाताशी असू द्या.

एका माणसासाठी ‘दे’ इंग्रजीत 1375 च्या सुमाराच्या लेखनातही सापडतो. पुढं शेक्सपिअरनं तो वापरला, जेन ऑस्टिननं वापरला. ‘ही’मध्ये सगळे येतात हा नियम त्यानंतरचा, अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी पुढं आणलेला. 1850 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं कायदाच केला की कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धरायच्या. तीच तऱ्हा आपल्याकडं आली. 1860 च्या भारतीय दंडसंहितेचं कलम 8 सांगायचं की ‘ही’ म्हणजे कोणीही, पुरुष वा स्त्री. 1897 च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं कलम 13 तेच सांगतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ‘ही’ कायम आहे, फक्त व्याख्येत पुरुष आणि स्त्रीच्या जोडीला आता ट्रान्सजेंडरही आहेत. म्हणून कायद्याचं कलम उतरवून घेताना त्यातला ‘ही’ बदलू नका. तो अवतरणातला मजकूर आहे. बदल आपल्या स्वतःच्या वाक्यात करायचा.

नवा शब्द घडवायचे प्रयत्नही झाले. 1858 मध्ये चार्ल्स कॉन्व्हर्स या अमेरिकी माणसानं ‘थॉन’ असा शब्द तयार केला. मेरियम-वेबस्टरच्या 1934 च्या मोठ्या कोशात तो गेलाही, पण 1961 च्या आवृत्तीतून काढला गेला, कारण लोकांनी उचललाच नाही. ‘दे’ कोणी बनवला नव्हता, तो लोकांच्या तोंडात आधीपासून होता, म्हणून टिकला. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेनं 2017 मध्ये त्याला मर्यादित मुभा दिली. मानसशास्त्रात आणि नर्सिंगमध्ये ज्या एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) शैलीनं शोधनिबंध लिहितात, तिच्या 2019 च्या सातव्या आवृत्तीनं तो स्पष्टपणे स्वीकारला. त्याच वर्षी मेरियम-वेबस्टरनं स्वतःला पुरुष वा स्त्री न मानणाऱ्या एका व्यक्तीसाठीचा ‘दे’ कोशात घेतला आणि वर्षाचा शब्द म्हणून निवडलाही.

एवढं सांगूनही बोर्डाच्या पेपरात जुन्या पुस्तकाप्रमाणं गुण कापले जातील अशी भीती असेल, तर मुलांना भांडायला लावू नका. ‘ऑल द स्टुडंट्स’ असं अनेकवचन घ्या, मग ‘देअर’ कोणत्याही पुस्तकाप्रमाणं बरोबर.

पत्राची सुरुवात आणि शेवटची तपासणी

‘रिस्पेक्टेड सर’ आपल्या हाडात भिनलेलं आहे. पत्र कोण उघडणार ते माहीत नसेल तर हुद्दा लिहा : ‘डिअर हायरिंग मॅनेजर’, ‘डिअर अ‍ॅडमिशन्स टीम’. नाव माहीत आहे पण ‘मिस्टर’ की ‘मिस’ ते माहीत नाही, तर पूर्ण नाव लिहा : ‘डिअर अ‍ॅलेक्स मॉर्गन’. पुरुष की बाई हे न सांगणारी ‘मिक्स’ (Mx) अशी एक उपाधीही इंग्लंडात चालते, पण ती त्या माणसानं स्वतः वापरली असेल तरच लिहावी.

मजकूर पुरा झाला की कॉम्प्युटरच्या शोध सुविधेत ‘ही’ टाका आणि पूर्ण शब्दच शोधायचा पर्याय निवडा, नाहीतर ‘द’ (the) आणि ‘देन’ (then) यांच्या पोटातली तीच अक्षरं सापडत राहतील. मग ‘हिज’ आणि ‘हिम’ शोधा. प्रत्येक ठिकाणी थांबून बघा की हा माणूस पुरुष आहे हे मला खरंच माहीत आहे का. माहीत असेल तर तसंच ठेवा. नसेल तर आधी वाक्य सर्वनामाशिवाय जमतंय का बघा, नाही जमलं तर ‘दे’ घाला. त्यानंतर ‘दे’ शोधा आणि प्रत्येक ‘दे’च्या पुढचं क्रियापद वाचा. ‘हॅज’, ‘इज’, ‘वॉज’, ‘डझंट’ यातलं काही चिकटून राहिलं असेल तर ते इथं सापडेल.